इटियाडोहात कमांडो कशाला?

गेल्या उन्हाळ्यात केशोरीच्या बसथांब्याजवळ चहा घेत उभा होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाईल पुढं केला. "गुरुजी, हे पाहा." पडद्यावर पोहण्याच्या तलावाचा निळा तळ. पाठीवर सिलिंडर बांधलेला एक तरुण गुडघ्यांवर बसलेला. मागून काळ्या पोशाखातले दोघं येतात. एक त्याच्या डोळ्यांवरचा मास्क ओरबाडतो, दुसरा तोंडातला रेग्युलेटर हिसकून नळीला गाठ मारतो आणि सिलिंडरची झडप फिरवून हवा बंद करतो. पोरगा चाचपडतो, बुडबुड्यांचा नुसता धुरळा उठतो, मागं ढोल वाजत असतात. शेवटी तळाला ओळ: खरा डायव्हर असाच घडतो. तीन दिवसांचं निवासी शिबिर, लष्करी छापाचा टी-शर्ट शुल्कात.

"आपल्या इटियाडोह धरणावर असं शिबिर लावलं तर? पोट्टे तुटून पडतील."

तुटून पडतील, यात मला शंका नाही. आमच्याकडे पहाट उजाडते तीच भरतीच्या पोरांच्या पायांच्या आवाजानं. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, पुन्हा सोळाशे मीटर. वर्दी म्हणजे इथं पगार, मान आणि घरावर पक्कं छप्पर. अर्जुनी मोरगाव तालुक्याचा हा कोपरा गडचिरोलीला खेटून आहे आणि वर्षानुवर्षं सरकारदरबारी नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेला होता. रात्रीची गस्त आणि खऱ्या बंदुका आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दारातून पाहिल्या आहेत. अशा गावातल्या पोरांना पैसे घेऊन तीन दिवस कमांडो-कमांडो खेळवायचं, हेच मुळात मला रुचत नाही. पण रुचणं-न रुचणं हा वादाचा मुद्दा होत नाही. म्हणून ते बाजूला ठेवतो आणि पाण्याचं बोलतो.

माझा अधिकार फार मोठा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी हौसेनं स्कूबा शिकलो आणि नंतर सुट्ट्या पाहून कोकणात, एकदा अंदमानात, डुबक्या मारल्या. फौजेत कधीच नव्हतो. त्यामुळे ज्यांनी फौजेत पाण्याखाली काम केलंय त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्यांची नक्कल विकणाऱ्यांशी आहे.

त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, म्हणून ती आधी नीट मांडतो. ते म्हणतात, पाण्याखाली माणूस मरतो तो घाबरल्यामुळे. मग त्याला तलावातच पुरेसा घाबरवून ठेवा, म्हणजे समुद्रात तो घाबरणार नाही. दुसरं म्हणतात, ही विद्या मुळात नौदलाचीच. पूर्वीचे हौशी डायव्हर माजी नौसैनिकांकडून शिकत आणि पोलादासारखे तयार होत. आता चार दिवसांत कागद हातात पडतो. तिसरं, शरीर कमवल्याशिवाय पाण्यात उतरूच नये. आणि चौथं म्हणणं उघड कुणी बोलत नाही, पण जाहिरातीत तेच असतं: सोसलं तरच मर्द.

पहिलं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. घाबरल्यावर काय होतं याचा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडतो, तो इथंही मांडतो. बारा लिटरचं सिलिंडर 200 बार दाबानं भरलं की त्यात 2400 लिटर हवा मावते. शांत माणूस पाण्याबाहेर मिनिटाला सुमारे 20 लिटर हवा ओढतो. दर दहा मीटर खोलीला एक वातावरणाचा दाब वाढत जातो, म्हणजे वीस मीटरवर तिप्पट दाब आणि तिप्पट हवा: मिनिटाला 60 लिटर. सिलिंडर पुरतं 40 मिनिटं. तोच माणूस भेदरून धापा टाकू लागला की ओढ तिप्पट होते. मग मिनिटाला 180 लिटर, आणि 40 मिनिटांची हवा 13 मिनिटांत संपते. ही भीती आकड्यांत मोजता येते. ती खोटी आहे असं मी कसं म्हणू?

पण भीतीनं माणूस मरतो म्हणजे नेमका कसा मरतो, हे पाहायला हवं. हौशी डायव्हरांच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास 2008 मध्ये डॉ. पेटार डेनोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्ककडच्या 947 मृत्यूंच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्या प्रकरणांत सुरुवात कशानं झाली हे कळू शकलं, त्यांतल्या 41 टक्क्यांत कारण एकच होतं: हवा संपली किंवा संपत आली. सुमारे 20 टक्क्यांत माणूस जाळ्यात, दोरीत, वेलींत, खडकांत अडकला. साधनांतला बिघाड 15 टक्क्यांच्या आसपास. यात मागून झेप घेऊन मास्क ओरबाडणारा शत्रू कुठं दिसतो का? हवा संपली कारण गेजकडं वेळेत पाहिलं नाही. पाहिलं तरी "अजून पाच मिनिटं" म्हणत राहिला, किंवा जोडीदाराला हातानं खूण करायची लाज वाटली. अडकला, कारण जाळं कुठं आहे ते उतरण्याआधी कुणाला विचारलंच नव्हतं.

आता तलावातल्या त्या झटापटीचं बघा. अमेरिकी नौदलाच्या सील दलात ही परीक्षा खरोखरच घेतात. प्रशिक्षक उमेदवाराच्या नळ्यांना गाठी मारतात, हवा तोडतात आणि त्यानं ठरलेल्या क्रमानं, वर न येता, सगळं सोडवायचं असतं. पण ती परीक्षा शिकवण्यासाठी नसते. ती गाळण्यासाठी असते. तिथं येणाऱ्यांतले बहुसंख्य गळतात, आणि ते गळावेत अशीच त्या यंत्रणेची रचना आहे. कारण ज्याला रात्रीच्या अंधारात शत्रूच्या बंदरात उतरवायचं, तो आधीच ओळखून काढावा लागतो. आपल्या नौदलात 1987 मध्ये उभ्या राहिलेल्या मार्कोस या कमांडो दलाची निवडही अशीच कठोर. चाळणीचं काम धान्य निवडण्याचं असतं. चाळणीत घालून कुणी धान्य पेरत नाही. हौशी शिबिरात तर शंभर टक्के पोरांना पास करून, फोटो काढून, घरी पाठवायचं असतं. त्यांनी फीच त्यासाठी भरलेली असते. म्हणजे चाळणी आणली आणि तिची भोकं बुजवली. मग उरलं काय? धक्काबुक्की.

शिवाय खऱ्या यंत्रणेतही हा खेळ फुकटचा नसतो. 2016 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडो तळावर सीलचा एक प्रशिक्षणार्थी तलावातल्या सरावात मेला. प्रशिक्षकानं त्याला पुन्हा पुन्हा पाण्याखाली दाबल्याचं चौकशीत पुढं आलं. सॅन डिएगोच्या वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्यांनी तो मृत्यू दुसऱ्या माणसाच्या हातून झालेला मृत्यू म्हणून नोंदवला. नौदलानं पुढं कुणावर खटला भरला नाही. शिक्षणासाठीच नेमलेली माणसं असलेल्या तळाची ही गत, तर भाड्याच्या तलावात, दोन महिन्यांपूर्वी स्वतःच कार्ड मिळवलेल्या "इन्स्ट्रक्टर"च्या हातात आपली पोरं काय सुरक्षित राहणार?

मी हे नुसतं वाचून लिहीत नाही. एका मोठ्या शहरातल्या तलावात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. चार मीटर खोली. तळाशी बसून गेज वाचत होतो, तेवढ्यात मास्क गेला. शिकवणाऱ्यानंच मागून ओढला होता, न सांगता, नंतर म्हणाला, "समुद्र सांगून येतो का?" नाकात पाणी शिरलं, डोळ्यांपुढं नुसता निळा चिखल, आणि शरीरानं तेच केलं जे कुठल्याही माणसाचं शरीर करतं. श्वास कोंडला आणि पायांनी तळ झाडून वर सुटलो. सव्वा-दीड मीटर वर गेलो असेन, तेवढ्यात शेजारच्या मुलीनं माझा पट्टा धरून मला खाली ओढलं. ती माझ्याच वर्गातली, विशीतली, नेमकं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. तिनं माझा हात रेग्युलेटरवर ठेवला आणि माझ्या डोळ्यांपुढं बोटं हलवून दाखवली: सोड, श्वास सोड.

त्या पोरीनं नसतं ओढलं तर? चार मीटरवर दाब 1.4 वातावरण. तिथं भरून घेतलेली सहा लिटर हवा पृष्ठभागावर येताना सुमारे साडेआठ लिटर होऊ पाहते. छातीच्या भात्यात तेवढी जागा नसते. कोंडलेल्या श्वासानं सव्वा मीटर वर येणंसुद्धा फुप्फुसाचा पडदा फाटायला पुरतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि तिथून मेंदूत. डेनोबल यांच्या अभ्यासात जीव घेणाऱ्या इजांमध्ये या बुडबुड्यांचा वाटा 29 टक्के होता. म्हणजे ज्या प्रतिक्षिप्त क्रियेनं माणसं मरतात तीच उठवायची आणि मग "कसं वाटलं?" विचारायचं, असं ते शिक्षण होतं. मी त्या दिवशी शिकलो ते एवढंच, की पाठीमागं शिकवणारा असला की पाण्यात मान वळवून बघत राहायचं. पुढचे कितीतरी दिवस माझं लक्ष गेजपेक्षा मागं जास्त असे.

याउलट मास्क काढणं मी पुढं खरोखर शिकलो ते मालवणात. आधी पाणी कमरेइतकं. मास्क स्वतःच्या हातानं थोडा उचलायचा, पाणी आत घ्यायचं, नाकानं फुंकून बाहेर काढायचं. मग अर्धा भरायचा. मग पूर्ण. मग काढून हातात धरायचा आणि पन्नास श्वास मोजायचे, तोंडानं घेत, नाकानं सोडत. दहाव्या-बाराव्या वेळी लक्षात येतं की डोळे उघडले तरी काही बिघडत नाही. समुद्राचं पाणी थोडं चुरचुरतं, बास. विसाव्या वेळी कंटाळा येतो. हा कंटाळा फार मोलाचा. ज्याचा कंटाळा आला त्याची भीती राहत नाही. नंतर एकदा निवतीच्या बाजूला खरंच एका जोडीदाराचा फिन लागून माझा मास्क उडाला, तेव्हा मला आधी आठवलं ते हे, की पन्नासपर्यंत मोजायचे आहेत.

ताणाची सवय करावी लागते, हे विरोधकांचं म्हणणं मी मान्य करतो. फक्त तिचा डोस शिकणाऱ्याच्या हातात असावा. आपण लोणच्यात तिखट घालतो तेही चवीनं. केशोरीची मिरची प्रसिद्ध आहे म्हणून बाळाच्या पहिल्या घासात कुणी ती कुस्करत नाही.

आता वंशावळीचं बोलू. "ही विद्या नौदलाची" हे अर्धसत्य आहे. रेग्युलेटर बांधला 1943 मध्ये फ्रान्समध्ये, दोघांनी. त्यातला जाक कुस्तो नौदल अधिकारी खरा, पण दुसरा, एमिल गान्यां, गॅस कंपनीतला अभियंता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी वायूवर चालवण्यासाठी त्यानं जी झडप केली होती, तिच्यातून हे यंत्र निघालं. अमेरिकेत हौशी शिक्षणाची घडी बसवायला लॉस एंजेलिस काउंटीचे लोक 1954 मध्ये कुणाकडं गेले? कॉनराड लिंबॉ नावाच्या जीवशास्त्रज्ञाकडं, स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत. तो समुद्री जीव बघायला पाण्यात उतरत असे. त्याच्या शिक्षणक्रमाचा हेतू विद्यार्थी जिवंत परत यावेत आणि त्यांनी नीट टिपणं करावीत, एवढा होता. म्हणजे आपल्या विद्येच्या आजोळी फौजी आहेत, तसे प्रयोगशाळेतले लोकही आहेत. शिबिरवाल्यांना फक्त एकाच आजोबांचा फोटो भिंतीवर टांगायचा आहे.

आणि फौजी आजोबांकडून जे आंधळेपणानं घेतलं त्याचं काय झालं, तीही गंमत ऐका. वर येण्याचा वेग किती असावा? कित्येक वर्षं जगभरच्या हौशी डायव्हरांना शिकवलं जाई: मिनिटाला 60 फूट. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला नव्हता. 1950 च्या दशकात अमेरिकी नौदलात दोन तट होते. पाण्याखाली सुरुंग लावणाऱ्या पोहणाऱ्यांच्या तुकडीचा प्रमुख डग्लस फेन म्हणे, आम्हाला मिनिटाला 100 फूट किंवा त्याहून वेगानं वर यायला हवं. लोखंडी शिरस्त्राण घालून दोरीनं उतरणारे जुने डायव्हर म्हणत, 25 फुटांच्या वर आम्हाला ओढताच येत नाही. मग समझोता झाला: 60. अहो, बाजारात मिरचीचा भाव ठरतो तसा! त्या आकड्यावर कित्येक दशकं हौशी माणसं वर येत राहिली. 1990 च्या दशकात नौदलानंच तो निम्मा केला, 30 फूट, म्हणजे सुमारे नऊ मीटर. बुडबुडे ऐकणाऱ्या डॉप्लर यंत्रांनी तोवर दाखवून दिलं होतं की संथ येणंच शहाणपणाचं. खोलीवर किती वेळ थांबायचं त्याचे तक्तेही असेच नौदलाचे, तरुण, धट्ट्याकट्ट्या सैनिकांना समोर ठेवून केलेले. पोटाचा घेर सुटलेल्या, पन्नाशीच्या हौशी माणसासाठी स्वतंत्र तक्ते 1980 च्या दशकाच्या अखेरीस आले.

शरीर कमवण्याचा मुद्दा मी थोडक्यात निकालात काढतो. डेनोबल यांच्याच अभ्यासात जीव घेणाऱ्या इजांपैकी 26 टक्के हृदयाशी संबंधित होत्या. आणि हृदय दंडबैठका मोजत नाही, त्याला रक्तदाबाचं यंत्र आणि डॉक्टरची सही लागते. चाळिशीनंतर पाण्यात उतरणाऱ्याला चिखलात लोळवण्याऐवजी त्याचा ईसीजी काढा.

"चार दिवसांत कागद" या तक्रारीत मात्र तथ्य आहे, आणि इथं मी शिबिरवाल्यांच्या बाजूला उभा राहायला तयार आहे. मालवण-तारकर्लीला सुट्टीत जाऊन बघा. बोटीवर पाच-दहा मिनिटं खुणा सांगतात, पर्यटकाच्या पाठीवर सिलिंडर चढवतात, आणि गाईड त्याला मागून धरून पोतं न्यावं तसा खडकावरून फिरवून आणतो. पर्यटक फोटोत हसतो. तो त्या वेळी डायव्हर नसतो, सामान असतो. हे वाईटच. पण सामानासारखं वागवण्यावर उतारा म्हणून शत्रूसारखं वागवायचं, हा कुठला न्याय? दोन्हींत एक गोष्ट समान आहे: शिकणाऱ्याला स्वतः निर्णय घेऊ द्यायचा नाही.

आणि मरणं पाण्याखालीच होतात असंही नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि 2 जण गेले. डुबकी केव्हाच आटोपली होती. आमच्या बाजूला 23 जानेवारी 2024 ला, गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, गणपूरच्या बाया वैनगंगेपलीकडं मिरची तोडायला निघाल्या होत्या. डोंगा उलटला आणि 6 जणी गेल्या. ही बातमी केशोरीत आली तेव्हा आमच्याकडेही मिरचीचा तोडा चालू होता; मिरचीच्या बांधावर बसलेल्या बायका बराच वेळ काही बोलल्या नाहीत. डोंग्यात जॅकेट ठेवायची पद्धतच आपल्याकडे नाही. त्या सहाजणींना वाचवायला कमांडो लागत नव्हता.

मग करायचं काय? नुसतं खंडन करून घरी जाणारा मी नव्हे.

पहिली गोष्ट, नौदलाची नक्कल करायचीच असेल तर योग्य पानाची करा. कोचीला नौदलाची डायव्हिंग शाळा आहे. नौदलाच्या कामाची रीत कुणाही जाणत्याला विचारा, ती अगदी रुक्ष आहे. काठावर एक पर्यवेक्षक असतो, तो पाण्यात उतरत नाही. एक राखीव डायव्हर पूर्ण पोशाखात तयार बसलेला असतो, तोही बहुधा दिवसभर काहीच करत नाही. उतरण्याआधी यादी वाचून एकेक झडप हातानं तपासतात. कोण किती वाजता, किती खोल, किती हवेसह उतरला, हे वहीत लिहितात. दोरीला ठरलेले झटके असतात. यात झेप नाही, ढोल नाही, चित्रफीत काढण्यासारखं काहीच नाही, म्हणूनच शिबिराच्या जाहिरातीत हे दिसत नाही. मी त्या शिबिराच्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावून तीन प्रश्न विचारले होते. राखीव डायव्हर कोण असेल? ऑक्सिजनचं किट काठावर असेल का? आणि कुणाला दाबाचा विकार झाला तर उपचाराचा दाब-कक्ष इथून किती तासांवर? पलीकडच्या गृहस्थांनी पहिल्या दोन प्रश्नांना "सगळं असतं सर" म्हटलं. तिसऱ्याला म्हणाले, "तुम्ही किती जण येणार?"

दुसरं, इटियाडोहाचं पाणी ओळखा. गाढवी नदीवर गोठणगावाजवळ बांधलेलं हे धरण. आजूबाजूला जंगल, खाली वडसा-आरमोरीपर्यंत धानाला पाणी. ते निवतीच्या खडकाजवळच्या पाण्यासारखं स्वच्छ नाही. पावसाळ्यानंतर हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. जंगल बुडवून झालेल्या जलाशयात खुंट असतातच, आणि वरून मासेमारी करणाऱ्या ढिवरांची नायलॉनची जाळी. अडकून मरण्याचा तो 20 टक्क्यांचा आकडा आठवा. शिवाय गोड्या पाण्यात माणूस समुद्रापेक्षा कमी तरंगतो. कोकणातला सवयीचा वजनपट्टा इथं बांधला तर दोन-अडीच किलो जास्तच होतात आणि माणूस तळाला बसतो. इथं मौजेनं बघण्यासारखं पाण्याखाली काही नाही, हे खरं बोलायला हवं. मासे बघायचे तर मालवणला जावं.

मग इथं डायव्हिंग नकोच का? हवं, पण वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या माणसांच्या हातात. तलावात किंवा धरणात कुणी बुडालं की आमच्याकडे आधी हाक कुणाला जाते? ढिवरांना. आपत्ती दलाची गाडी येईपर्यंत ढिवराचं पोरगं उघड्या अंगानं, श्वास कोंडून, अंधाऱ्या पाण्यात चार-चार वेळा उतरून आलेलं असतं. त्याला विमा नाही, दोरी नाही, पगार तर नाहीच. मिळालंच तर पोलीस ठाण्यात चहा. मालवणात समुद्री अभयारण्याच्या निमित्तानं मच्छिमारांच्या पोरांना स्कूबा आणि स्नॉर्कलिंग शिकवलं, संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पाचा पैसा त्यात आला, आणि डॉ. सारंग कुलकर्णींसारख्या समुद्रशास्त्रज्ञानं त्यात आयुष्याची वर्षं घातली. आज त्यातली कितीतरी मुलं त्यावर घर चालवतात. तो धडा इथं आणा. जे पाणी ओळखतात त्यांना साधन द्या: पूर्ण पोशाख, दोरीचं शिक्षण, वहीत नोंद, विमा आणि कामाचे पैसे. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात नोंदणीची सक्ती आहे, ती शिबिरवाल्यांनाही लागू होतेच. पण गावातल्या शोध-पथकाला कुठलं धोरण लागू आहे, ते कुणी सांगेल का?

आणि शाळेतल्या पोरांसाठी? आधी पाठीवर तरंगायला शिकवा. दहा मिनिटं, हातपाय न मारता. हौशी डायव्हिंगच्या पहिल्या परीक्षेतही हेच असतं, 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं; त्यासाठी लष्करी टी-शर्ट लागत नाही. आपल्या तलावांच्या जिल्ह्यात, जिथं कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पाळी बांधल्या, नवेगावबांधचा तलाव कोलू पाटलांनी बांधला असं आजही सांगतात, तिथल्या किती मुलांना तरंगता येतं? माझ्या वर्गात हात वर करायला सांगितले होते. मुलींच्या रांगेत एकही हात वर झाला नाही.

सगळ्यात शेवटी तो चौथा, न बोललेला मुद्दा: सोसलं तरच मर्द. सैनिकाला शिकवतात की काम अर्धवट टाकून परतायचं नाही, आणि त्याच्या धंद्यात ते बरोबर आहे. हौशी डायव्हिंगमधला एक पायाचा नियम याच्या नेमका उलटा आहे: जोडीतला कुणीही, कुठल्याही क्षणी, कारण न सांगता अंगठा वर करून डुबकी थांबवू शकतो, आणि दुसऱ्यानं त्याला "का?" विचारायचं नाही. ज्या पोराला तीन दिवस "सोड म्हणालास की तू बायल्या" असं ऐकवलं, तो वीस मीटरवर हवा 50 बारवर आलेली दिसली तरी अंगठा वर करणार नाही. पहिला अंगठा कुणी करायचा याची वाट पाहत दोघंही खाली राहतील. हवा संपण्याचा तो 41 टक्क्यांचा आकडा कुठून येतो, ते मला इथं दिसतं.

दिवाळीनंतर, चित्रफीत दाखवणाऱ्या त्याच विद्यार्थ्याला घेऊन मी इटियाडोहावर गेलो. परवानगीचा कागद खिशात होता. नागपूरहून आणलेलं एक सिलिंडर, दोरी, माझी जुनी वही. काठाजवळच, कमरेएवढ्या पाण्यातून सुरुवात करून, गोड्या पाण्यात किती वजन लागतं एवढंच त्याला दाखवायचं होतं. सोबतीला डोंगा घेऊन येणारा म्हातारा ढिवर आधीच काठावर उकिडवा बसला होता. त्यानं बिडी पेटवली आणि धूर कुठं जातो ते बराच वेळ पाहत राहिला. पाणी मला तरी शांत दिसत होतं.

"आज नाही जमत जी," तो म्हणाला.

"काय झालं?"

"काही नाही झालं. वारा पलटला." त्यानं डोंगा काठावर ओढला, उलटा पालथा घातला आणि जाळं गोळा करायला लागला. "पान्यात घाई कायले?"

पोट्टा माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. एवढ्या लांबून सामान आणलं, काठाजवळ तर उतरायचंय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी वही काढली आणि तारीख घातली. ठिकाण: इटियाडोह. खोली: 0. वेळ: 0. सुरुवातीची हवा 200 बार, शेवटची 200 बार. सोबत्याची सही हवी म्हणून वही म्हाताऱ्यापुढं धरली, त्यानं हसून अंगठा उमटवायला शाई नाही म्हणून सांगितलं. मग भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन पोट्टा पाळ चढायला लागला, आणि अर्ध्यात थांबून त्यानं खांदा बदलला.